न्यूयॉर्कचा ठराव, लोणीचं दप्तर

लोणी काळभोर शहर आहे की गाव, हे उत्तर कोण देतंय त्यावर ठरतं. पोलिसांच्या लेखी ते शहर. २०२१ साली इथलं पोलीस ठाणं पुणे ग्रामीणमधून निघालं आणि पुणे शहर आयुक्तालयात गेलं. बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्यायचा तर २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे जायचं. सातबारा हवेली तालुक्याचा. आणि नळ, गटार, कचरा, दिवाबत्ती, घरपट्टी हे सगळं ग्रामपंचायतीचं. हडपसर सोडून सोलापूर रस्त्याने निघालं की मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडीपर्यंत महापालिकेची सत्ता आहे. २०२१च्या जूनअखेर पालिकेत आलेल्या २३ गावांत ही दोन्ही होती. त्यापुढे कदमवाकवस्ती आणि लोणी काळभोर लागतात आणि पंचायत राज्य सुरू होतं. रस्त्यावर उभं राहून मात्र ही हद्द दाखवता येत नाही. दुकानं, मंगल कार्यालयं, गोदामं आणि वाहतुकीची कोंडी दोन्ही बाजूंना सारखीच.

स्टेशनाजवळ तेल कंपन्यांचे डेपो आहेत. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबईहून येणारी नळवाहिनी इथे पोचते आणि पुढे सोलापूरकडे जाते, त्यामुळे टँकरांची रांग हा इथला नेहमीचा देखावा. राज कपूरच्या राजबागेच्या परिसरात आता एमआयटीचं विद्यापीठ आहे आणि तिथे १६० फूट व्यासाचा विश्वशांती घुमट उभा आहे. २ ऑक्टोबर २०१८ला उपराष्ट्रपती वेंकय्या नायडू यांनी त्याचं उद्घाटन केलं. जागतिक शांततेचा घुमट आणि ग्रामपंचायतीची घंटागाडी एकाच परिसरात असण्याचा योग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. दक्षिणेला कालवे, कालव्याकाठी ऊस, उत्तरेला मुळा-मुठा. शेजारी थेऊरला चिंतामणी आणि २०११पासून बंद पडलेला यशवंत सहकारी साखर कारखाना. पुढे उरुळी कांचन. तिथे १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये ‘बायफ’ ही संस्था उभी केली. जगाचे प्रश्न या पट्ट्याला नवे नाहीत.

म्हणून शाश्वत विकासाच्या जागतिक उद्दिष्टांचं आपल्या देशात नेमकं काय झालं, हे पाहायला दिल्लीपेक्षा लोणी बरी.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये हा ठराव केला. १७ उद्दिष्टं, त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. त्याआधीची सहस्रक उद्दिष्टं आठच होती आणि ती मुख्यतः गरीब देशांनी गाठायची होती. या वेळी श्रीमंत देशही यादीत आले. ठरावात एक सोय ठेवलेली आहे. प्रत्येक सरकारने आपली परिस्थिती पाहून आपली राष्ट्रीय लक्ष्यं आपण ठरवायची. ज्यांना काम करायचं त्यांना मोकळीक, आणि ज्यांना करायचं नाही त्यांनाही तेवढीच.

भारताने समन्वयाचं काम नीती आयोगाकडे दिलं आणि मोजमापाचं सांख्यिकी मंत्रालयाकडे. मंत्रालयाने २०१८ साली राष्ट्रीय निर्देशकांची चौकट आणली, तीत ३०६ निर्देशक होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नीती आयोगाने राज्यांची पहिली गुणपत्रिका काढली. देशाला १००पैकी ५७ गुण. पुढच्या फेरीत ६०, २०२०-२१मध्ये ६६, आणि जुलै २०२४मध्ये आलेल्या चौथ्या फेरीत ७१. पाणी, शेती, आरोग्य हे विषय राज्यघटनेने राज्यांना दिलेले आहेत. दिल्लीला तिथे हुकूम सोडता येत नाही, क्रमांक मात्र लावता येतो. केरळ वर आणि आपण खाली, अशी बातमी छापून आली की मुंबईला मंत्रालयात बैठका होतात. ही युक्ती चतुर आहे आणि काही अंशी तिने काम केलं, हे मान्य करायला हवं. फक्त गुण वाढले म्हणजे नेमकं काय वाढलं, हे खोलात जाऊन पाहावं लागतं.

राज्यांनंतर पाळी पंचायतींची आली. पंचायतराज मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली सतरा उद्दिष्टांची घडी मोडून नऊ संकल्पना केल्या: गरिबीमुक्त आणि उपजीविका वाढवणारं गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव, सुशासनयुक्त गाव आणि महिलास्नेही गाव. मला हे या सगळ्या प्रवासातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. सतरा उद्दिष्टं राजदूतांच्या घासाघिशीतून आली, त्यामुळे त्यांत सगळ्यांचं थोडं थोडं आहे. ही नऊ नावं सरपंच एका बैठकीत समजून घेऊ शकतो आणि त्यांवर भांडूही शकतो. चौथ्या आणि पाचव्या संकल्पनेवरची, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरची राष्ट्रीय कार्यशाळा सप्टेंबर २०२२मध्ये पुण्यातच झाली. देशभरातले पंचायत प्रतिनिधी आले होते.

आराखड्याची रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर येऊ लागले तेव्हापासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने वार्षिक आराखडे होत आहेत. त्याच्याही आधी, २०००-०१मध्ये, आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, तेव्हा गावांत शाश्वत विकास हा शब्द फारसा कानावर नव्हता आणि गावंच्या गावं हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरली होती. २ ऑक्टोबर २०२०ला ‘माझी वसुंधरा’ आलं. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर गुण मिळतात. आता १७ सप्टेंबर २०२५पासून मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान. अभियानांचा एकावर एक थर बसत जातो. खालचा थर पुसल्याचं कुणी सांगत नाही.

थर कितीही बसोत, माहिती भरणारे हात तेच. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं २०२४मध्ये एकत्र करून त्यांचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव झालं. नाव भारदस्त झालं, कामं होती तितकीच राहिली. त्यांच्या जोडीला सेवा केंद्राचा संगणक परिचालक. दाखले, घरपट्टीची वसुली, ग्रामसभेचं इतिवृत्त, ई-ग्रामस्वराज पोर्टल, आणि या सगळ्यातून वेळ काढून निर्देशांकाचे रकाने.

या निर्देशांकाचं नाव पंचायत प्रगती निर्देशांक. पहिल्या फेरीत त्यात ४३५ स्थानिक निर्देशक होते, त्यातले ३३१ सक्तीचे, आणि त्यासाठी माहितीचे ५६६ मुद्दे. २०२२-२३ या वर्षाचा पहिला निकाल एप्रिल २०२५मध्ये लागला. देशातल्या २ लाख ५५ हजार ६९९ पंचायतींपैकी २ लाख १६ हजार २८५ जणींची माहिती त्यात ग्राह्य धरली गेली. ९०च्या वर गुण मिळवणारी पंचायत देशात एकही निघाली नाही. ७५ ते ९०च्या गटात ६९९. सर्वांत मोठा गट ४० ते ६० गुणांचा, १ लाख ३२ हजार ३९२ पंचायतींचा. त्या ६९९मध्ये गुजरातच्या ३४६, तेलंगणाच्या २७०, त्रिपुराच्या ४२. या तिघांची बेरीज ६५८ होते, म्हणजे उरलेल्या सगळ्या देशाला मिळून ४१. ज्या राज्याने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा देशाला शिकवली त्याच्या वाट्याला फार तर त्या ४१मधला काही भाग. कुणी यावर अग्रलेख लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

अर्थात ही पायाभूत मोजणी होती आणि खरं बोलून कमी गुण घेणारी पंचायत फुगवून सांगणारीपेक्षा बरी. माझी शंका वेगळी आहे. हे सगळे मुद्दे गावाच्या हद्दीतल्या गोष्टींचे आहेत, आणि लोणीचा सर्वांत मोठा प्रश्न हद्दीच्या बाहेरून, वरच्या अंगाने वाहत येतो.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. त्यावर पुणे शहर पितं आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती भिजते. शहर वाढत गेलं तसा त्याचा घोट मोठा झाला आणि कालव्याचं आवर्तन हे दरवर्षी उन्हाळ्यातलं भांडण होऊन बसलं. कालवा सल्लागार समितीची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते आणि शेतकऱ्यांचे कान तिकडे लागलेले असतात. यावर तोडगा म्हणून असं ठरलं की पुण्याने धरणातून जास्तीचं पाणी घ्यावं आणि त्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावं. मुंढव्याला जॅकवेल बांधली. तिथे नदीतून पाणी उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडायचं. हा इंग्रजांच्या काळातला कालवा. नवा मोठा कालवा झाल्यावर याला लोक बेबी कालवा म्हणू लागले. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत असा तो जातो.

कागदावर ही योजना जगातल्या कुठल्याही परिषदेत मिरवावी अशी आहे. सहाव्या उद्दिष्टातलं तिसरं लक्ष्य हेच सांगतं: प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचं प्रमाण निम्म्यावर आणा आणि सुरक्षित पुनर्वापर वाढवा. लोणीच्या बाजूला त्यातला पुनर्वापर आधी आला, शुद्धीकरण मागे राहिलं. शहरातल्या आधीच्या शुद्धीकरण केंद्रांची क्षमता दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जावर अकरा नवी केंद्रं, ३९६ दशलक्ष लिटरची, ९९० कोटी २६ लाखांची, केंद्राने जानेवारी २०१६मध्ये मंजूर केली. जानेवारी २०२२पर्यंत ती चालू व्हायची होती. ती तारीख उलटून गेली. मुंढव्याच्या पुलाखालची नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना, तिथून उचललेलं पाणी कसं असेल, हे वेगळं सांगायला नको. कालव्याला येणारा फेस, वास, काठच्या विहिरी खराब होणं, याच्या तक्रारी पूर्व हवेलीच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येतात.

आणि तरीही शेतकरी हा कालवा बंद करा असं सरळ म्हणू शकत नाही. मे महिन्यात उसाला पाणी कुठून आणायचं? सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, पीक तरारून येतं. त्याच कालव्याकाठची पालेभाजी पुण्याच्या बाजारात जाते आणि पुणेकर ती जुडी हातात घेऊन ताजी आहे ना म्हणून विचारतो. शहराने खाली सोडलेलं शहराच्याच ताटात परत येतं. याचा हिशेब कुठल्या खात्याने ठेवायचा? महापालिका म्हणेल आम्ही प्रक्रिया करतो. जलसंपदा म्हणेल आम्ही फक्त पाणी उचलतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ नोटीस काढेल. ग्रामपंचायतीला यातल्या एकाही नळाची तोटी फिरवता येत नाही.

आता गुणपत्रिकेकडे परत या. नीती आयोगाच्या २०२०-२१च्या निर्देशांकात सांडपाणी कुठे मोजलं आहे? अकराव्या उद्दिष्टात, शहरांच्या. आणि मोजली आहे ती उभारलेल्या शुद्धीकरण केंद्रांची क्षमता, शहरात तयार होणाऱ्या सांडपाण्याच्या टक्केवारीत. केंद्र बांधून झालं की गुण. ते किती चाललं, त्यातून काय बाहेर पडलं आणि पंधरा-वीस किलोमीटर खाली कुणाच्या विहिरीत उतरलं, हा त्या रकान्याचा प्रश्नच नाही. तिकडे ‘जलसमृद्ध गाव’ या रकान्याखाली लोणीची ग्रामपंचायत मात्र आपल्या पाण्याचे गुण मिळवायला बसते. जागतिक उद्दिष्ट देशाच्या धोरणात उतरताना त्याचे तुकडे झाले, ते खात्यांप्रमाणे आणि हद्दींप्रमाणे झाले. कामं वाटली गेली, अधिकार होते तिथेच राहिले. माझं या सगळ्यावर एवढंच म्हणणं आहे की ज्याच्या हातात तोटी आहे, गुण त्याचे कापा.

इथे नेहमी हिवरे बाजारचं उदाहरण दिलं जातं. पोपटराव पवारांनी जे केलं ते अस्सल आहे आणि पाण्याचा ताळेबंद गावाने मांडायचा ही कल्पना देशाने तिथून घेतली. पण हिवरे बाजारला डोंगर गावचा, ओढा गावचा, उतार गावचा. पडलेला पाऊस अडवायचा की जाऊ द्यायचा हे ग्रामसभा ठरवू शकत होती. लोणीच्या वाट्याला लाखोंचं शहर पिऊन, धुऊन, न्हाऊन उरलेलं पाणी येतं. दोन्ही गावांना एकच फूटपट्टी लावणं अन्यायाचं आहे.

कदमवाकवस्तीच्या हद्दीत, कवडीपाटच्या जुन्या बंधाऱ्यावर, हिवाळ्यात पक्षी पाहणारे पहाटे गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. चक्रवाक, चित्रबलाक, शेकाट्या, नदी सुरय. बंधाऱ्याला प्लॅस्टिकच्या पिशव्यांची झालर लागलेली असते आणि तिच्यातून पाय उचलत शेकाट्या चालतो. चौदाव्या उद्दिष्टाचा, म्हणजे सागरी जीवनाचा, विचार नीती आयोगाने किनारपट्टीच्या राज्यांपुरता केला आणि एकूण गुणांत तो धरला नाही. ही पिशवी भीमेतून उजनीत, तिथून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाऊ शकते. ती कुणाच्या रकान्यात पडते?

कायदा नव्हता म्हणून नदीचं हे झालं, असं मात्र म्हणता येत नाही. इंदिरा गांधी जून १९७२मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत बोलल्या. त्या परिषदेचा उल्लेख करून भारताने १९८१चा हवा कायदा आणि १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा केला. जागतिक ठराव राष्ट्रीय धोरणात आणण्याचा तो आपला पहिला मोठा प्रयोग. महाराष्ट्र तर त्याच्याही पुढे होता. पाणी प्रदूषण रोखणारा राज्याचा स्वतःचा कायदा १९६९चा होता आणि त्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झालं, स्टॉकहोमच्या जवळपास दोन वर्षं आधी. केंद्रीय मंडळाने २०२२मध्ये देशातल्या २७९ नद्यांवरचे ३११ प्रदूषित पट्टे मोजले, त्यातले ५५ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. पन्नासहून अधिक वर्षांचा कायदा आणि पहिला नंबर.

पैशाचीही हीच गत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६साठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला: अर्धा पिण्याच्या पाण्याला, अर्धा स्वच्छतेला. धोरण म्हणून यात चूक काढता येत नाही, सहावं उद्दिष्ट पैशांच्या रूपात खाली आणण्याची ती सरळ वाट आहे. महाराष्ट्रात हा निधी ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला जात असे. अडचण वाटणीच्या मापात होती. लोकसंख्या धरली गेली ती २०११ची. २०२१ची जनगणना झालीच नाही, पुढची आता २०२७ची. मधल्या काळात सोलापूर रस्त्यावर जे इमले उठले, गोदामांत आणि डेपोंत कामाला आलेली जी कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहिली, विद्यापीठात शिकायला आलेली जी मुलं आहेत, ती कचरा करतात, पाणी वापरतात, शौचालयाला जातात. त्या अनुदानाच्या हिशेबात मात्र ती गावात आलेलीच नव्हती.

निवडणुकांनीही हात दाखवला. वित्त आयोगाचा पैसा रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच मिळतो. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, निवडणूक लांबली आणि तिथे प्रशासक बसले. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटा त्यामुळे अडकला. सोळाव्या उद्दिष्टात जबाबदार आणि सहभागी संस्थांची भाषा आहे. जुलै २०२५मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे आपला तिसरा स्वेच्छा अहवाल मांडला, तेव्हा या जिल्ह्याला निवडून आलेला जिल्हा परिषद अध्यक्ष नव्हता आणि पुणे शहराला महापौर नव्हता.

मग काही जमलंच नाही का? जमलं, आणि त्याचा नमुना लोणीतच दरवर्षी दिसतो. तुकोबांची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून निघते, हडपसरला माउलींची वाट दिवे घाटाकडे फुटते आणि तुकोबा लोणी काळभोरला मुक्कामाला येतात. एका रात्रीत गावाची लोकसंख्या कैक पटींनी वाढते. पूर्वी पालखी पुढे यवतला गेली की मागे उरायचं ते गावाला कित्येक दिवस पुरायचं. माश्या, वास, जुलाब. निर्मल वारीच्या उपक्रमात फिरती शौचालयं आली, मैला उपसणाऱ्या गाड्या आल्या, पाण्याचे टँकर भरण्याच्या जागा ठरल्या, विहिरींत क्लोरीन पडू लागलं, मुक्कामाच्या ग्रामपंचायतींना त्यासाठी वेगळा पैसा मिळू लागला. बाया रात्री अंधार पडायची वाट पाहत बसत, त्यांची ती वाट पाहणं कमी झालं. सगळं सुरळीत होतं असं नाही. पण फरक डोळ्यांना दिसतो आणि तो का पडला हेही दिसतं. त्या एका रात्रीसाठी जिल्हा परिषद, महसूल, आरोग्य, पोलीस, पंचायत आणि स्वयंसेवक हद्द विसरून एका जागी येतात, कोणी काय करायचं हे नावानिशी ठरलेलं असतं आणि पैसा २०११च्या जनगणनेवर मोजला जात नाही, येणाऱ्या माणसांवर मोजला जातो. सहाव्या उद्दिष्टातलं दुसरं लक्ष्य, सर्वांना स्वच्छतागृह आणि बायकांच्या गरजांकडे खास लक्ष, हे वारीच्या वाटेवर कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

कालव्यासाठी तशी व्यवस्था का होऊ नये? वारीचा मुक्काम एका रात्रीचा, कालवा बारमाही. बैठक मुंढव्यापासून यवतपर्यंतच्या सगळ्यांची एकत्र हवी. महापालिका आणि जलसंपदा एका बाजूला, ग्रामपंचायती दुसऱ्या बाजूला, मध्ये प्रदूषण मंडळाची आकडेवारी.

तोवर ग्रामपंचायतीच्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती याच उद्दिष्टांच्या योजनांतून आलेली आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं असं ठरलं आणि त्यासाठी तपासणी संच दिले गेले. सामू, गढूळपणा, क्षारता, क्लोराइड, नायट्रेट हे त्यातून गावातच कळतं. संच पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांसाठी आहे. बेबी कालव्याच्या काठावर पिण्याच्या विहिरी आणि कूपनलिका आहेतच. आवर्तन सुरू होण्याआधी एकदा आणि सुरू असताना एकदा त्या तपासल्या, तारखेनिशी नोंद ठेवली, ती महिला सभेत वाचली आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडली, तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला नमुने घ्यावेच लागतील आणि कालवा समितीच्या बैठकीत ते कागद टेबलावर ठेवता येतील. पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी नऊपैकी एखादी-दुसरी संकल्पना निवडून संकल्प करायचा असतो. लोणी आणि कदमवाकवस्तीने ‘जलसमृद्ध गाव’ निवडलं, तर त्या आराखड्याच्या पहिल्या पानावर नळजोडण्यांच्या आकड्याआधी कालव्याकाठच्या विहिरींतल्या नायट्रेटचा आकडा यावा. त्याला पोर्टलवर रकाना नसेल, तर जोडपत्र म्हणून चढवता येतो.